‘सॉलिसिटिंग’ : एका क्रियापदाचा प्रवास

मराठीत ‘सॉलिसिटिंग’ला एकच एक प्रतिशब्द सापडत नाही. ‘याचना’त लाचारी येते, ‘आर्जवा’त गोडवा, ‘गळ घालणे’ त्यातल्या त्यात जवळचे, पण कायद्याच्या पानावर ते शोभत नाही. अडचण शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन ‘सॉलिसितारे’चा मूळ अर्थ मागणे नव्हे, हलवून सोडणे, अस्वस्थ करणे असा आहे. विनवण्याचा आणि दुसऱ्याचे काम पाहण्याचा अर्थ नंतर चिकटला. ‘सॉलिसिटर’ त्याच घरातला. (आपल्याकडच्या वकिलांनी कामासाठी ‘सॉलिसिट’ करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे, ही गंमत वेगळीच!)

वेश्याव्यवसायाच्या कायद्यात मात्र हा शब्द निराळाच वळला. १८३९ च्या लंडन पोलीस कायद्यानुसार अशी स्त्री दोषी ठरायची, ती रहिवाशांना वा वाटसरूंना उपद्रव झाला तरच. म्हणजे लॅटिन अर्थ अजून जिवंत होता. कोणीतरी अस्वस्थ होणे आवश्यक होते. १९५९ च्या ‘स्ट्रीट ऑफेन्सेस अ‍ॅक्ट’ने ही अटच काढून टाकली. लगेच १९६० मध्ये ‘स्मिथ विरुद्ध ह्यूज’ खटल्यात पेच पडला. रस्त्यावरच्या पुरुषांना खुणावणाऱ्या बायका स्वतः रस्त्यावर नव्हत्याच. त्या घरात, सज्जात किंवा बंद खिडकीआड होत्या. तरीही कायद्याचा हेतू लक्षात घेऊन लॉर्ड पार्कर यांनी त्यांना दोषी धरले.

भारतात एवढा खल करावाच लागला नाही. १९५६ च्या कायद्याच्या आठव्या कलमात खिडकी आणि सज्जा आधीच लिहिलेले आहेत. उपद्रवाचा उल्लेख आहे, पण दुसऱ्या पोटकलमात. पहिल्यात बाईने सार्वजनिक जागेतून दिसेल अशा रीतीने मोह घालण्याचा प्रयत्न करणे पुरते. आमच्या मते खरा अन्याय इथे आहे. वेश्याव्यवसायाला सरसकट गुन्हा न मानणारा कायदा खिडकीत बसलेल्या बाईच्या हेतूचा अर्थ लावण्याचे काम पोलिसावर सोपवतो.

इंग्लंडने २००९ मध्ये ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ हा शिक्का पुसला आणि तीन महिन्यांत किमान दोनदा तसे वर्तन घडल्याची अट घातली. आपल्याकडे १९८६ च्या दुरुस्तीने पुरुषही या कलमात आला. त्याला किमान सात दिवस, कमाल तीन महिने कैद. स्त्रीला पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. क्रियापद तेच, कर्त्याचे लिंग बदलले की शिक्षा बदलते.