हॅरिसन, बेंजामिन

हॅरिसन, बेंजामिन : (१४ डिसेंबर १८३७ – ३० सप्टेंबर १९२१). इंग्लंडमधील एक किराणा दुकानदार व हौशी पुरातत्त्वज्ञ. ‘इओलिथ’ अर्थात उषःपाषाण या नावाने प्रसिद्धीस आलेल्या फ्लिंटच्या तुकड्यांचा संग्राहक व पुरस्कर्ता म्हणून प्रागितिहासाच्या अभ्यासात त्याचा उल्लेख केला जातो. हे तुकडे मानवनिर्मित नसून निसर्गाच्या क्रियांनी घडलेले आहेत, असा निष्कर्ष पुढे बहुसंख्य तज्ज्ञांनी काढला. तथापि या वादामुळेच दगडावरील मानवी घडणीची खूण कशी ओळखावी, या मूलभूत प्रश्नाचे पद्धतशीर परीक्षण सुरू झाले.

त्याचा जन्म केंट परगण्यातील आइटॅम या लहान गावी झाला आणि त्याचे सारे आयुष्य तेथेच गेले. वडिलांचे किराणा मालाचे दुकान पुढे त्याने चालविले. विद्यापीठीय शिक्षण त्याला लाभले नाही. वाचन आणि भोवतालच्या प्रदेशातील पायी भटकंती यांतून त्याने भूविज्ञानाचे ज्ञान मिळविले. दुकानाच्या कामातून उरलेल्या वेळात तो नांगरलेली शेते, वाळू-गोट्यांच्या खाणी आणि ओढ्यांचे काठ धुंडाळीत असे. सापडलेल्या दगडांची चित्रे व टिपणे तो वह्यांत नोंदवून ठेवी. दगड कोठे सापडला आणि किती उंचीवर सापडला, याकडे त्याचे विशेष लक्ष असे. त्याच्या संग्रहाला अभ्यासकांच्या दृष्टीने मोल आले, ते या सवयीमुळे.

हॅरिसनच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन परिस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. फ्रान्समधील अबव्हील येथील सीमाशुल्क खात्याचा एक अधिकारी, झाक बूशे द पेर्त, याने सॉम नदीच्या काठावरील जुन्या थरांतून दगडी हत्यारे गोळा केली होती. परंतु विद्वानांनी त्याच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. १८५९ मध्ये इंग्रज भूवैज्ञानिक जोसेफ प्रेस्टविच (१८१२–९६) आणि पुरातत्त्वज्ञ जॉन एव्हान्स (१८२३–१९०८) यांनी प्रत्यक्ष पाहणी करून त्याच्या शोधाला दुजोरा दिला. नामशेष प्राण्यांच्या काळीही मानव अस्तित्वात होता, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली. एका हौशी संशोधकाची उपेक्षा झाली होती आणि अखेर तोच खरा ठरला, हा धडा या घटनेने विद्वानांना दिला. सॉमकाठच्या हातकुऱ्हाडी सुबक होत्या. इतकी कुशल हत्यारे घडविण्यापूर्वी मानवाने याहून ओबडधोबड हत्यारे वापरली असली पाहिजेत, असे अनुमान त्यावरून स्वाभाविकपणे निघत होते. ती हत्यारे कोठे आहेत, हा पुढील पिढीचा प्रश्न बनला.

आइटॅमच्या उत्तरेस नॉर्थ डाउन्स या डोंगररांगेचे चॉकचे पठार पसरलेले आहे. या पठारावर, आजच्या नद्यांच्या खोऱ्यांपेक्षा बऱ्याच उंचीवर, गोट्यांचे जुने थर आढळतात. १८८५ च्या सुमारास हॅरिसनला या थरांत गडद तपकिरी रंगाचे, झिजलेले फ्लिंटचे तुकडे मिळू लागले. त्यांचा मूळ आकार फारसा बदललेला नव्हता. केवळ कडांवर लहानलहान कपच्या उडाल्याच्या खुणा होत्या. काहींच्या कडेला अर्धवर्तुळाकार खाच होती. अशी खाच काठी किंवा हाड खरवडण्यासाठी मुद्दाम पाडली असावी, असे हॅरिसनला वाटे. एकाच तऱ्हेचे आकार पुन:पुन्हा आढळतात, हा त्याचा मुख्य आधार होता.

प्रेस्टविच केंटमध्येच, आइटॅमपासून काही मैलांवर शोरम येथे राहत असे. त्याने हॅरिसनच्या नोंदींच्या साहाय्याने त्या परिसराचा अभ्यास केला आणि आइटॅमच्या आसपास सापडलेल्या पुराणाश्मयुगीन हत्यारांविषयीचा निबंध १८८९ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी त्याने पठारावरील ओबडधोबड तुकड्यांवर स्वतंत्र निबंध वाचला. त्याचा युक्तिवाद भूवैज्ञानिक होता. पठारावरील थर आजची खोरी कोरली जाण्यापूर्वीचे आहेत. म्हणून त्यांत सापडणारे तुकडे खोऱ्यांतील हातकुऱ्हाडींहून पुष्कळ प्राचीन असले पाहिजेत, असे त्याचे प्रतिपादन होते. एव्हान्सला मात्र या तुकड्यांवर मानवी हाताची खूण दिसेना. १८५९ मध्ये एकमताने साक्ष देणारे हे दोन मित्र या वेळी परस्परविरुद्ध बाजूंना उभे राहिले. थरांचे वय आणि तुकड्यांची घडण हे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर मिळाल्याने दुसरा सुटत नव्हता.

याच काळात हॅरिसनच्या हातून त्याचे सर्वांत टिकाऊ कार्य घडले. आइटॅमजवळील ओल्डबरी टेकडीवर खडकांचे नैसर्गिक आडोसे आहेत. ब्रिटिश असोसिएशनच्या साहाय्याने १८९० मध्ये त्याने तेथे उत्खनन केले. त्यात हत्यारांबरोबरच ती घडविताना निघालेले शेकडो छिलकेही मिळाले. आज ही हत्यारे मध्य पुराणाश्मयुगातील मूस्टेरियन परंपरेची मानली जातात आणि निअँडरथल मानवाच्या ब्रिटनमधील वास्तव्याच्या पुराव्यांत ओल्डबरीची गणना होते. ही टेकडी वालुकाश्माची आहे. तेथे चॉकचे थर नाहीत. एवढे फ्लिंट एका जागी येण्यास मानवाचा हात लागला असला पाहिजे, हे त्यामुळे उघड होते. पठारावर याच्या उलट स्थिती होती. तेथे फ्लिंटचे असंख्य तुकडे निसर्गतःच विखुरलेले होते आणि त्यांतून निवड होत होती ती निवडणाऱ्याच्या नजरेने. लाखो तुटक्या दगडांतून ठराविक आकाराचे दगड वेचून काढले, तर ते सारे एका साच्यातले दिसणारच. हॅरिसनच्या पद्धतीतील उणीव या ठिकाणी होती.

प्रेस्टविचच्या मृत्यूनंतर हॅरिसनने आपले मत सोडले नाही. १९०४ मध्ये त्याने उषःपाषाणांच्या इतिहासाची रूपरेषा सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. बेल्जियमचा भूवैज्ञानिक एमे रूतो हाही या मताचा खंदा पुरस्कर्ता होता. परंतु १९०५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सलँ बूल याने मांत शहराजवळच्या सिमेंट कारखान्यातील निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेथे चॉक पाण्यात घुसळण्याच्या टाक्यांतून बाहेर पडणारे फ्लिंटचे गोटे एकमेकांवर आपटून हुबेहूब उषःपाषाणांसारखे बनत होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एस्. हॅझलडीन वॉरन याने दाबाखाली फ्लिंटच्या कडा कशा फुटतात, हे प्रयोगांनी दाखविले. आंरी ब्रय याने १९१० मध्ये उत्तर फ्रान्समधील इओसीन कालखंडाच्या तळच्या थरांतील असेच तुकडे पुढे आणले. त्या काळी मानव असण्याचा संभवच नव्हता. १९३९ मध्ये ए. एस्. बार्न्झ याने कपच्या निघालेल्या कडांचे कोन मोजून एक कसोटी मांडली. मानवी घडणीत लघुकोनांचे प्रमाण फार मोठे असते, तर निसर्गाने फोडलेल्या दगडांत विशालकोन पुष्कळ आढळतात. उषःपाषाण या कसोटीस उतरले नाहीत. एकेका नगाच्या रूपावरून निर्णय देण्याऐवजी संपूर्ण समूहाची मोजणी करण्याचा मार्ग यामुळे रुळला.

या वादाचे पडसाद अन्यत्रही उमटले. इप्सविच येथील जेम्स रीड मॉयर हा वडिलांच्या शिंपीकामाच्या व्यवसायातील हौशी संशोधक हॅरिसनच्याच वाटेने गेला आणि ईस्ट अँग्लियातील तशाच तुकड्यांचा पुरस्कार त्याने केला. १९१२ मध्ये जाहीर झालेल्या पिल्टडाउन येथील तथाकथित मानवी अवशेषांबरोबरही उषःपाषाण दाखविण्यात आले होते. ते अवशेष बनावट असल्याचे १९५३ मध्ये सिद्ध झाले. पिल्टडाउनच्या मागे फसवणूक होती. हॅरिसनच्या बाबतीत तसा प्रकार नव्हता. त्याची चूक प्रामाणिक निरीक्षकाची होती. त्याने साहित्य व नोंदी जपून ठेवल्या आणि त्यामुळेच ते इतरांना तपासता आले.

सुबक हत्यारांपूर्वी साधी हत्यारे असली पाहिजेत, ही त्याची मूळ धारणा मात्र खरी ठरली आहे. आफ्रिकेतील ओल्डोवान परंपरेची हत्यारे सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. केन्यातील लोमेक्वी येथील, २०१५ मध्ये जाहीर झालेली हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे त्यांच्या संशोधकांचे मत आहे. हॅरिसन शोधीत होता ती मानवी उद्योगाची पहाट केंटच्या पठारावर नव्हती, एवढेच.

त्याच्या वह्यांच्या आधारे त्याचा मुलगा एडवर्ड हॅरिसन याने लिहिलेले चरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर एकाच गावात दुकान चालविलेल्या या गृहस्थाने जमविलेल्या दगडांनी पुरातत्त्वविद्येला आपली कसोटी अधिक काटेकोर करावयास लावले.