नर टिपायला गिऱ्हाईक मिळतं

1904, हर्मिटेज

तिमारूहून आगगाडीने फेअरलीला उतरलात आणि पुढे घोडागाडीत धक्के खात इथवर आलात. अंग आंबून गेलंय ना? न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, आओराकी ऊर्फ माउंट कुकच्या पायथ्याशी यायची या काळात दुसरी सोय नाही. समोरचं हर्मिटेज हॉटेल सरकारी मालकीचं. सरकारने 1901 मध्ये पर्यटनासाठी वेगळं खातं काढलंय, जगातलं पहिलंच. दाखवायला हिमनद्या आहेत. पण बंदूक घेऊन येणाऱ्या साहेबाने मारायचं काय? वटवाघळं सोडली तर या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही. इंग्लंडहून आणलेली तांबडी हरणं एव्हाना रानोमाळ झाली आहेत, तरी या उभ्या कड्यांवर टिकेल असं जनावर हवंच आहे.

ते आज आलंय. ड्यूक ऑफ बेडफर्डने वोबर्न अॅबीच्या आपल्या उद्यानातून भेट पाठवलेले हिमालयी ताहर, मोजून पाच. मोकळी झालेली मादी क्षणभर थबकते, मग कातळावर खूर रोवून सरळ वर चढू लागते. वाटेत माउंट कुक लिलीची ताटलीएवढी पानं आहेत. ती खाली मान घालते आणि एक पान ओढून घेते. आजवर पक्ष्यांच्या चोची सोसत वाढलेल्या इथल्या झाडोऱ्याची आता शेळीच्या जातकुळीशी गाठ आहे.

शेजारी उभ्या असलेल्या मंडळींना त्याचं काही नाही. पाहुण्यांची रांगच लागणार आहे: अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट 1905 मध्ये वापिती जातीची हरणं पाठवतील, ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ 1907 मध्ये शॅमॉय ही डोंगरी जनावरं.

1930 चं दशक, डोंगरातला तंबू

वरच्या उतारांवर गवत खुरटलंय. ज्यांना कौतुकाने आणलं, ते आता उपद्रवी ठरलेत. हरणांना असलेलं कायद्याचं संरक्षण 1930 मध्ये निघालं आणि अंतर्गत व्यवहार खात्याने कॅप्टन येरेक्सच्या हाताखाली पगारी शिकारी नेमले. त्यांच्यापैकी एकाच्या तंबूत तुम्ही अंग चोरून बसला आहात. ओल्या लोकरीचा वास, कोपऱ्यात थ्री-नॉट-थ्री रायफल, चुलाणावर बिडाच्या भांड्यात भाजला जाणारा पाव. बाहेर दोरीवर आज सोललेली कातडी टांगली आहेत. त्यात नराचं कुठलं आणि मादीचं कुठलं, हे तो सांगतही नाही. जनावर पडलं की मोबदला मिळतो. शिंगांची लांबी त्याने कधी मोजलेली नाही.

1970 चं दशक, हेलिकॉप्टरचं दार

पट्टा आवळून घ्या आणि खाली बघू नका. दाराशी पाय बाहेर सोडून बसलेला नेमबाज कड्यावरून पळणारा कळपच्या कळप टिपतोय. मागाहून ती धुडं दोरीला बांधून खाली नेतात. तिथून मांस परदेशी जातं. पगारी शिकाऱ्यांना तंगडतोड करून जमलं नाही, ते या पात्यांनी चार-सहा वर्षांत करून दाखवलं. ताहर इतके विरळ झाले, की 1983 मध्ये सरकारला त्यांच्या व्यापारी शिकारीवर बंदी घालावी लागली. उपद्रवी जनावर संपत आलं म्हणून हळहळणारेही निघाले, कारण मधल्या काळात हौशी शिकाऱ्यांची एक पिढीच या ताहरांमागे डोंगर चढून मोठी झाली होती.

आजचा जून

इथे जून म्हणजे कडाक्याचा हिवाळा आणि ताहरांचा माजाचा हंगाम. तुम्ही हजारो डॉलर मोजून गाइड घेतलाय. खरं तर सरकारी जमिनीवरच्या शिकारीचा परवाना फुकट मिळतो. पैसे जातात ते त्या गाइडच्या नजरेचे, मुक्कामाचे आणि हेलिकॉप्टरचे. हिमालयात, भारताच्या हद्दीत, याच जनावरावर बंदूक रोखलीत तर तुरुंगाची हवा खावी लागेल.

गाइड दुर्बिणीला डोळा लावून पुटपुटतो, "हा नाही, अजून कोवळा आहे." शिंगावर दरवर्षी एक वळं उमटतं, ती तो मोजतोय. मग त्याचं बोट पलीकडच्या सुळक्याकडे वळतं. तिथे म्हातारा नर उभा आहे. मानेवरची गवती रंगाची आयाळ वाऱ्याने पार उलटी झालीय. तुम्ही श्वास रोखता. बार होतो. फोटोसाठी डोकं वळवून ठेवताना गाइड शिंगाला टेप लावतो आणि हसतो.

आता जरा उजवीकडे बघा. आवाजाने पळालेल्या माद्या घळीपलीकडे जाऊन थांबल्या आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना एकेक पिल्लू होईल. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, त्यामुळे तुमच्या गोळीने पुढच्या वर्षीचा आकडा हलत नाही. 1993 च्या आराखड्याने ताहरांची कमाल संख्या 10,000 ठरवली. पुढे हवाई मोजणीत ती सार्वजनिक जमिनीवरच सुमारे 34 हजार भरली. 2020 मध्ये सरकारने राष्ट्रीय उद्यानांत नरांसकट सगळेच ताहर मारायचं ठरवलं, तेव्हा शिकारी संघटना हायकोर्टात गेली आणि पुन्हा सल्लामसलत करण्याचा आदेश घेऊन आली. उद्यानांचा कायदा म्हणतो, परकं जनावर शक्य तितकं निपटून काढा. गाइड म्हणतो, म्हातारे नर तेवढे राहू द्या, आमची चूल त्यांच्यावर पेटते. खोटं कोणीच बोलत नाही.

स्थानिक हौशी शिकारी मांसासाठी काही माद्या टिपतात. हेलिकॉप्टरने ट्रॉफी मिळवून देणाऱ्या कंपन्यांवरही, ट्रॉफीखेरीज जादा ताहर मारण्याची अट परवान्यात घातली जाते. बाकीचं काम सरकारी हेलिकॉप्टरं करतात. डोंगर वाचवायचा तर बंदूक माद्यांवर रोखावी लागते, आणि त्यासाठी पैसे मोजून विमानाने कोणी येत नाही. उलट पदरचे पैसे देऊन माणसं पाठवावी लागतात.