शिक्का कोणाचा? पॅकेटवरच्या लेबलांची गोष्ट

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये सॉकेटला आणि पॅकेटला सुरक्षेची लेबलं कशी लागली, हा तो विषय. यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम? काम आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास कधी ठेवावा, हा प्रश्न आम्ही वर्गात आयुष्यभर शिकवला. तोच प्रश्न इथे अभियंत्यांना सोडवावा लागला, आणि तोही एका सेकंदात हजारो वेळा.

आधी तीन शब्द समजून घेऊ. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामने काय वाचायचं, काय लिहायचं, यावर शेवटचा शब्द त्याचा. सॉकेट म्हणजे प्रोग्रामचा नेटवर्ककडे उघडणारा दरवाजा. आणि पॅकेट म्हणजे त्या दरवाजातून ये-जा करणारं पाकीट.

गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या संरक्षण खात्यात. लष्करी कागदावर शिक्का असतो: गोपनीय, गुप्त, परमगुप्त. माणसालाही तशीच पायरी दिलेली असते. कागद कपाटात आहे तोवर हे ठीक चालतं. पण वेगवेगळ्या पायऱ्यांची माणसं एकाच वेळी एकच संगणक वापरू लागली, तेव्हा कपाट आणि पहारेकरी दोन्ही प्रोग्राममध्ये गेले. 1973 मध्ये मायटर या संस्थेतल्या डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी याचा गणिती नमुना मांडला. त्याचं सार दोन वाक्यांत सांगता येतं. आपल्या वरच्या पायरीचं वाचायचं नाही. आणि आपल्या खालच्या पायरीवर लिहायचं नाही. दुसरा नियम ऐकायला विचित्र वाटतो, पण खरी मेख त्यातच आहे. गुप्त फाईल वाचलेल्या प्रोग्रामला साध्या फाईलमध्ये लिहू दिलं, तर गुपित तिथून पाझरणारच.

1983 मध्ये संरक्षण खात्याचं 'ऑरेंज बुक' आलं; 1985 मध्ये त्याला खात्याच्या मानकाचा दर्जा मिळाला. संगणकप्रणाली किती भरवशाची, याच्या श्रेणी त्यात ठरवल्या होत्या. 'बी-1' पासून वरच्या श्रेणीसाठी लेबलं सक्तीची होती. पण त्या पुस्तकासमोर होता एकटा संगणक. नेटवर्कचं काय, हे सांगायला 1987 मध्ये 'रेड बुक' काढावं लागलं.

आता बघा, नेटवर्क आल्याने नेमकं काय बदललं? एकाच यंत्रावर दोन प्रोग्राम सॉकेटमधून बोलत असतील, तर कर्नलला दोघेही समोर दिसतात. कोणी सॉकेट उघडलं, त्याचं लेबल काय, हे त्याला ठाऊक असतं. सॉकेटला एरवी उघडणाऱ्या प्रोग्रामचंच लेबल मिळतं. नैयायिकांच्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण. पण पाकीट दुसऱ्या यंत्रावरून आलं की प्रत्यक्ष संपलं. तिकडे कोणत्या प्रोग्रामने ते लिहिलं, हे इकडच्या कर्नलने पाहिलेलं नाही. पाकिटावर 'गुप्त' असं लिहिलेलं असेल, तर ते दुसऱ्याचं सांगणं आहे. म्हणजे शब्दप्रमाण. आणि शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तरच. आप्त म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खोटं बोलत नाही असा.

भर म्हणजे, 'खाली लिहायचं नाही' हा नियम नेटवर्कवर फार अवघड होऊन बसतो. टीसीपीने नुसतं ऐकायचं म्हटलं, तरी 'पोचलं' अशी पोच परत पाठवावी लागते. ऐकणं हेही बोलणंच झालं!

अनेकांना माहीत नसतं, पण इंटरनेटच्या पायाच्या दस्तऐवजातच हा लष्करी शिक्का आहे. सप्टेंबर 1981 च्या आरएफसी 791 मध्ये, म्हणजे आयपीच्या मूळ व्याख्येत, पाकिटाच्या माथ्यावर सुरक्षेची पायरी लिहिण्याची सोय दिलेली आहे. पण अशा सगळ्या जादा नोंदींना मिळून जागा किती? जास्तीत जास्त 40 बाइट.

पुढे व्यापारी कंपन्यांच्या सुरक्षित प्रणालींना एकमेकींशी बोलायचं होतं. त्यासाठी 'सिप्सो' नावाची पद्धत पुढे आली. 1992 मध्ये तिचा मसुदा झाला. तो आरएफसी कधीच झाला नाही, मुदत संपून पडून राहिला. तरीही पुष्कळ प्रणालींनी तो उचलला. मानकाचा मान नाही, पण वापर आहे, अशी त्याची अवस्था.

सिप्सोतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पाकिटावर पायरी आकड्यात लिहिलेली असते. समजा, 5. पण 5 म्हणजे काय? एका खात्यात ते 'गुप्त' असेल, दुसऱ्यात आणखी काही. म्हणून सिप्सोत आणखी एक आकडा जोडलेला असतो: हे लेबल कोणत्या अर्थक्षेत्रात वाचायचं, ते सांगणारा. शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो, हे आपल्याकडचे शाब्दबोधवाले सांगत आले. इथे तो संकेत पाकिटावरच नोंदवावा लागला. आणि एवढं करूनही मूळ दुखणं राहिलंच. सिप्सोच्या शिक्क्याला स्वतःचं काही संरक्षण नाही. वाटेतला कोणीही तो बदलू शकतो. त्यामुळे ही पद्धत चालते ती जिथे सगळी वाटच विश्वासातली आहे तिथे.

आता लिनक्सकडे येऊ. डिसेंबर 2000 मध्ये अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने एसई-लिनक्स खुलं केलं. गुप्तहेर संस्थेने आपला कोड सगळ्यांना वाचायला द्यावा, याचं तेव्हा अप्रूप वाटलं होतं. एसई-लिनक्समध्ये लेबल केवळ पायरी सांगत नाही, कामाचा प्रकारही सांगतं: हा वेब सर्व्हर, हा टपालाचा प्रोग्राम. 2001 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी भूमिका घेतली की कर्नलने एकच सुरक्षापद्धत गळ्यात बांधून घेऊ नये, वेगवेगळ्या पद्धती जोडता येतील अशी चौकट हवी. ती चौकट तयार झाली आणि 2003 अखेरच्या 2.6 कर्नलमध्ये एसई-लिनक्स मुख्य प्रवाहात आलं.

पण पाकिटाचा प्रश्न शिल्लक होता. 2006 या एकाच वर्षात त्याला तीन उत्तरं मिळाली.

मार्चमधल्या 2.6.16 मध्ये ट्रेंट जेगर यांच्या कामातून लेबलयुक्त आयपीसेक आलं. यात पाकिटावर लेबल लिहीतच नाहीत. दोन यंत्रं आधी एकमेकांची ओळख पटवतात, लेबलाचा करार करतात आणि त्या करारासाठी किल्ल्या ठरवतात. पाकीट ज्या कराराच्या किल्लीने उघडलं, त्या कराराचं लेबल त्याचं. आधी आप्ताची परीक्षा, मग त्याचा शब्द.

सप्टेंबरमधल्या 2.6.18 मध्ये जेम्स मॉरिस यांचं सेकमार्क आलं. इथे पाठवणाऱ्याला विचारतच नाहीत. फायरवॉलच्या नियमांनी पत्ता, पोर्ट पाहायचा आणि आपल्याच हाताने पाकिटावर खूण करायची. ती खूण यंत्राबाहेर जात नाही. हे झालं अनुमान: धूर दिसतो, म्हणून अग्नी. अनुमानात चूक होते तशी इथेही होते. वेबच्या पोर्टावर येणारं सगळं वेबचंच असेल असं नाही. दुरून धुकंही धुरासारखं दिसतं.

नोव्हेंबरमधल्या 2.6.19 मध्ये पॉल मूर यांचं नेटलेबल आलं आणि लिनक्सला जुनी सिप्सो भाषा बोलता आली. मात्र एसई-लिनक्सचं पूर्ण लेबल त्या 40 बाइटांत कुठलं मावणार? त्यातली पायरी आणि वर्ग तेवढे सिप्सोतून जातात. कामाचा प्रकार मागेच राहतो.

म्हणजे तीन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. जुन्या टपालावर पाठवणाऱ्या कचेरीचा शिक्का असे आणि पोचवणाऱ्या कचेरीचाही. पहिला सांगतो, तिकडचा माणूस काय म्हणाला. दुसरा सांगतो, आपण स्वतः काय पाहिलं. दोन्ही लागतात. घोटाळा होतो तो एकाला दुसरा समजल्यावर.

आणि ज्या पाकिटावर काहीच नाही, त्याचं काय? जगातली बहुतेक पाकिटं तशीच असतात. एसई-लिनक्स अशा पाकिटाला 'लेबल नसलेलं' याच नावाचं लेबल देतं, आणि त्याला आत घ्यायचं की नाही याचा वेगळा नियम लिहायला लावतं. वैशेषिकांच्या परंपरेत अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला, त्याची मला इथे आठवण होते. नसणं हीसुद्धा नोंदवण्याची गोष्ट आहे. ती नोंदवली नाही, तर निर्णय कोणीच घेत नाही, आणि दरवाजा नुसता उघडा राहतो.

हे सगळं दूरच्या लष्कराचं आहे असं समजू नका. अँड्रॉइड 5 पासून, म्हणजे 2014 पासून, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये एसई-लिनक्स पूर्ण सक्तीने चालतं. कुठलं ॲप सॉकेट उघडू शकतं, याची तपासणी तिथेही लेबलावरूनच होते.

तेव्हा आजचा मुद्दा एवढाच. लेबल हा वस्तूचा गुणधर्म नसतो. कोणीतरी घेतलेला तो निर्णय असतो. यंत्राच्या आत त्या निर्णयामागे कर्नल स्वतः उभा असतो. यंत्राच्या बाहेर त्याचं विधान होतं, आणि विधान म्हटलं की विचारावंच लागतं: हे कोण म्हणतंय, कोणत्या अर्थाने म्हणतंय, आणि ते चुकलं तर उत्तर कोण देणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कर्नलमध्ये लिहून ठेवता येतात. तिसऱ्याचं उत्तर नियम लिहिणाऱ्या माणसालाच द्यावं लागतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.