बुगीस स्ट्रीटची रात्र

सिंगापूरच्या बुगीस स्ट्रीटवर १९५० च्या दशकापासून रात्री उशिरा खाण्याची टेबले लागत. नूडल्स आणि बिअर घेत नटूनथटून येणाऱ्या पारलिंगी स्त्रियांना पाहायला खलाशी, सैनिक, पर्यटक जमत. त्याच शहरात पुरुषांमधले संबंध मात्र गुन्हा होते. भारतीय दंडसंहितेवरून बेतलेले कलम ३७७ तिथेही होते. १९३८ मध्ये त्यात ‘३७७अ’ची भर पडली. १९८० च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामासाठी गल्ली पाडली गेली. पुढे पर्यटकांसाठी तिची नक्कल उभी राहिली. कलम तेवढे जागचे हलले नाही. संसदेने ते रद्द केले २०२२ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चार वर्षांनी. गंमत म्हणून खपवून घेण्यापासून गुन्हा न मानण्यापर्यंत यायला त्या शहराला जवळपास सत्तर वर्षे लागली. विवाहाचा हक्क अजून दूरच आहे.