चिनी मातीतला ‘हीदरमन’

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मला चिनी मातीचे एक तपकिरी तट्टू मिळाले. कानाचा टवका उडालेला, पोटाखाली इंग्लंडच्या ‘बेस्विक’ कारखान्याचा शिक्का. तोंडाभोवती पीठ लागल्यासारखी फिकट छटा आणि अंगावर पांढरा ठिपका एकही नाही. एवढा नेमकेपणा निव्वळ शोभेसाठी कोण करील?

शोध घेतला तेव्हा कळले, की स्टोक-ऑन-ट्रेंटमधील लाँगटनच्या या कारखान्याने १९६०च्या दशकात तिकडच्या देशी तट्टांची मालिकाच काढली होती : एक्समूर, डार्टमूर, शेटलंड, हायलँड, आयर्लंडचे कॉनेमारा वगैरे. शिल्पकार आर्थर ग्रेडिंग्टन. नमुन्यांना खऱ्याखुऱ्या जनावरांची नावे होती. माझे तट्टू एक्समूर जातीचे. क्रमांक १६४५, नाव ‘हीदरमन’.

या मूर्तीमागे वीसेक वर्षांपूर्वीचे संकट आहे. दुसऱ्या महायुद्धात एक्समूरचे माळरान लष्करी सरावासाठी वापरले गेले. काही तट्टे गोळ्यांना बळी पडली, काही मांसासाठी चोरीला गेली. युद्ध संपले तेव्हा जेमतेम पन्नासच्या आसपास उरली. मेरी एथरिंग्टन या बाईंनी स्थानिक पशुपालकांना हाताशी धरून जात पुन्हा उभी केली. म्हणजे मूर्तीने तट्टू वाचवले नाही. आधी तट्टू वाचले, मग मूर्ती घडली.

पुरावा म्हणूनही ती अपुरीच. एक्समूरचे खरे वैशिष्ट्य हिवाळ्यातली दुहेरी लव : आत ऊबदार थर, बाहेर पाणी निथळून टाकणारे राठ केस. माझा गुळगुळीत, चकचकीत ‘हीदरमन’ प्रदर्शनाच्या रिंगणातला आहे, पावसात चरणारा नव्हे. तरीही बांधा, मानेची ठेवण, तोंडाची छटा त्यात टिकून आहे. लाँगटनचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. एक्समूरवर तट्टे अजून चरतात.

ही मूर्ती टेबलावर ठेवली की मला भीमथडीचे तट्टू आठवते. खंडोबाचा घोडा आपल्या देव्हाऱ्यांत आहे, पण तो देवाचे वाहन. जातीचे चित्र नव्हे. ज्या तट्टांच्या पाठीवर मराठी फौजा दौडल्या, त्यांची अशी नावानिशी मूर्ती मला अजून कुठे आढळलेली नाही. मात्र त्यांचे वंशज धनगरांच्या तांड्यांबरोबर बिऱ्हाड वाहत आजही चालताहेत. मूर्ती मागाहून घडवता येईल. मापे जिवंत जनावराचीच घ्यावी लागतात.