पंडिता रमाबाई: दोन फिर्यादी, एक आरोप

पंडिता रमाबाईंविषयी मराठी सुशिक्षितांचे मत बहुधा ठरलेले असते. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व, कोलकात्याच्या पंडितसभेने बहाल केलेली ‘सरस्वती’ पदवी, स्त्रीशिक्षणाचा ध्यास, हे सगळे खरे. पण विलायतेला गेल्या, मिशनऱ्यांच्या हाती सापडल्या, बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन शारदा सदनाच्या आडून विधवांना बाटवू लागल्या. ज्यांना एवढे कठोर बोलवत नाही, ते हेच मत मऊ करून मांडतात. चोविसाव्या वर्षाच्या आत आलेले वैधव्य, पदरात तान्ही मुलगी, मागे-पुढे कोणी नाही. परदेशात चार माणसे प्रेमाने वागली आणि बाई भारावून गेली. म्हणजे पहिल्या पक्षाला त्या कारस्थानी वाटतात, दुसऱ्याला बिचाऱ्या. 1883 नंतर रमाबाई स्वतःच्या बुद्धीने चालत नव्हत्या, यावर मात्र दोघांचे एकमत आहे. मला खोडायचे आहे ते हे एकमत.

आधी बिचारेपणा पाहू. गंगामूळच्या रानात जन्मलेली, आईकडून संस्कृत शिकलेली ही मुलगी 1874च्या सुमारास दुष्काळात आईवडील गमावून भावाबरोबर हिंदुस्थानभर पायी हिंडली. कोलकात्यात शास्त्रग्रंथ मुळातून वाचल्यावर तिच्या ध्यानात आले, की ग्रंथांचे आपसांत कितीही मतभेद असोत, स्त्री स्वभावतःच हीन, यावर सर्वांचे जमते. पारंपरिक धर्मावरचा तिचा विश्वास उडाला तो तिथे, तोही कोणा पाद्र्याने नव्हे तर धर्मशास्त्राने उडवला. 1880 साली बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पुण्याला येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हवेत असे ठणकावले आणि ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून तिच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाची तजवीज केली. अशा बाईला भारावून टाकायला चार गोड शब्द पुरतील हे मानणे कठीण आहे. धर्मांतराच्या कारणांत त्या स्वतः दोन गोष्टी सांगतात. एक, फुलहॅम येथील ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांचा आश्रम आणि तिथे त्या बायकांना मिळणारी वागणूक. दुसरी, नीळकंठशास्त्री गोरे यांचा युक्तिवाद. गोरे हे स्वतः ख्रिस्ती झालेले कोकणस्थ शास्त्री. म्हणजे या प्रकरणात विलायती मंडळींइतकाच आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेचाही हात होता.

29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. आपल्याकडची कथा इथे संपते. खरा वाद इथे सुरू होतो. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांनी जपून ठेवलेला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली तो प्रसिद्ध केला. पुस्तक सरकारी, विषय महाराष्ट्राचा, पण इंग्रजीत असल्यामुळे की काय, रमाबाईंवर बोलणारे फार थोडे लोक ते उघडतात. गंमत अशी, की ही कागदपत्रे रमाबाईंच्या कैवाऱ्याने गोळा केलेली नाहीत. ती फिर्यादी पक्षाची फाइल आहे. जेराल्डिनबाईंची तक्रार एका वाक्यात सांगता येते: ही मुलगी गर्विष्ठ आहे आणि आज्ञा पाळत नाही.

न पाळण्याची उदाहरणे बघा. रमाबाई त्रैक्याचा सिद्धांत मानायला तयार नव्हत्या. बायबलात तो मला दाखवा, असा त्यांचा हट्ट. अथेनेशियन श्रद्धावचन त्यांना मान्य नव्हते. मठाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्न. मांसाहाराला त्या शिवल्या नाहीत. हा जातीचा ताठा आहे असे सुनावल्यावर, मला हिंदू म्हणवून घेणे आवडते आणि पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या मी पाळणार, असे उत्तर आले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या होत्या तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात परत गेल्यावर यामुळे तिची पत राहणार नाही. रमाबाई भडकल्या. बापाने आणि नवऱ्याने कधी अडवले नाही, ते हे कोण ठरवणार? 1885च्या एका पत्रात त्यांनी साफ लिहिले, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे घेणार नाही. लेकीला, मनोरमेला, मठाने काय शिकवावे यावरूनही अशीच जुंपली. ज्या बाईला मिशनऱ्यांचे हत्यार म्हणायचे, तिच्याबद्दल मिशनऱ्यांचे मत एवढे वाईट कसे, याचे उत्तर हत्यारवाल्या पक्षाने द्यायला हवे.

जोतीराव फुल्यांना मात्र हे धर्मांतर खुपले नाही. 1885च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली, शास्त्रे वाचलेल्या ब्राह्मण बाईनेच ती टाकावीत, हा ब्राह्मणांचा पराभव आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आता शारदा सदन. इथे पूर्वपक्ष अधिक बळकट आहे आणि तो तसाच मांडला पाहिजे. अमेरिकेतल्या मदत मंडळाने दहा वर्षे पैसे द्यायचे कबूल केले होते ते धर्मनिरपेक्ष शिक्षणासाठी. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळावर होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असे कळले, केसरीने झोड उठवली आणि 1893च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांना धर्मवेडे म्हणता येणार नाही. आईबापांनी विश्वासाने सोपवलेल्या मुलींची जबाबदारी त्यांना वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती.

रमाबाईंचे म्हणणे होते, की मी कोणाला बोलावत नाही. पण माझ्या खोलीचे दार मी लावून घेणार नाही आणि आत येणाऱ्या मुलीला हाकलणार नाही. ही पळवाट आहे का? काही अंशी आहे. ज्या घरात अन्न, वस्त्र, अक्षरे एकाच बाईच्या हातून मिळतात, तिथे तिच्या उघड्या दाराचीही ओढ असतेच. पण पालकांच्या भीतीला खोटे पाडणारे एक उदाहरण त्याच वर्षी पुण्यात सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि पुढे बाया कर्वे म्हणून त्या हिंदूच राहिल्या. 1896 साली कर्व्यांनी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमात रमाबाईंच्या सदनाचा धडा स्पष्ट दिसतो. हिंगण्याच्या या आश्रमाचे श्रेय मोकळ्या मनाने देणारे आपण, त्याच्या आधीच्या पानावर बोट ठेवताना अडखळतो.

पुढचे लपवण्यात अर्थ नाही. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभारले, आणि ते उघडउघड ख्रिस्ती होते. 1898 साली, मदतीची मुदत संपताना, त्या अमेरिकेला जाऊन नवी व्यवस्था करून आल्या. 1905 नंतर तिथे जे धार्मिक उधाण आले ते माझ्यासारख्या वाचकाला परके वाटते. पण तिथेही एखाद्या पंथाचा शिक्का त्यांनी संस्थेवर मारून घेतला नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी स्वतः केले. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनी केले. 1922 साली रमाबाई वारल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते. पुरोहिताच्या मध्यस्थीविना ग्रंथ स्वतः वाचायचा, ही खोड कोलकात्यात लागली ती केडगावलाही सुटली नाही.

राहिला आरोप सरकारधार्जिणेपणाचा. 1897 साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते, आपल्या सदनातल्या एका मुलीचे तिथे काय झाले, हे रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये नावानिशी लिहिले. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्यावर प्रश्न निघाला. गव्हर्नर सँडहर्स्टच्या सरकारने इन्कार केला. रमाबाईंनी शब्द मागे घेतला नाही. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तावर केसरीही तुटून पडला होता आणि टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या साली पुण्यातून सरकारवर केलेल्या टीकेचे संग्रह निघतात, तेव्हा केसरीचे अग्रलेख त्यात असतात. रमाबाईंचे पत्र शोधायला वेगळ्या कपाटाकडे जावे लागते.