एकांतकोठडी आणि तिच्याविरुद्धचा लढा

श्रोतेहो, एकांतकोठडीची शिक्षा एखाद्या क्रूर सुलतानाच्या डोक्यांतून निघाली असेल, असें आपणांस वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः आधुनिक काळांत ती रूढ केली ती दयाळू माणसांनीं. १७८७ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं कांहीं सज्जनांनीं बंदिवानांचे हाल कमी करण्यासाठीं एक मंडळी स्थापन केली. डॉ. बेंजामिन रश यांच्यासारखे नामांकित वैद्य तींत होते आणि शांततावादी क्वेकर पंथाचे लोकहि होते. त्या काळचे तुरुंग म्हणजे निव्वळ कोंडवाडे. आणि शिक्षा म्हणजे फटके नाहीं तर फांस. त्यापेक्षां अपराध्यास एकटें ठेवावें, हातीं बायबल द्यावें, म्हणजे तो अंतर्मुख होऊन पश्चात्ताप पावेल, अशी या मंडळींची श्रद्धा होती. एकांत म्हटला म्हणजे आपल्याहि डोळ्यांपुढें ऋषिमुनींची गुहा येते. तेव्हां या कल्पनेला एकदम हंसण्याचें कारण नाहीं. मात्र गुहेला बाहेरून कडी नसते, हें ते सज्जन विसरले.

१८२९ सालीं त्याच शहरीं ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा प्रचंड तुरुंग उघडला. चाकाच्या आऱ्यांप्रमाणें मध्यापासून निघालेल्या कोठड्यांच्या ओळी, प्रत्येक कोठडीच्या छताला एक झरोका, आणि कैद्यास बाहेर नेतांना तोंडावर बुरखा! न्यूयॉर्क संस्थानांतील ऑबर्न येथें याच्या आधीं, १८२१ सालीं, कांहीं कैद्यांना कामधंद्यावांचून एकटें कोंडून पाहिलें होतें. त्यांपैकीं कित्येकांना वेड लागलें आणि तो प्रयोग आंवरता घ्यावा लागला. १८४२ सालीं चार्ल्स डिकन्स फिलाडेल्फियाचा तुरुंग पाहून आला व आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें या पद्धतीचा कडक निषेध केला. अंगावर वळ न उठविणारा हा मनाचा छळ त्यास कोणत्याहि देहदंडापेक्षां भयंकर वाटला. १८९० सालीं मेड्ले नांवाच्या कैद्याच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि नमूद केलें कीं, अशा कोठडीनें पुष्कळांची बुद्धि बधिर झाली, कांहीं ठार वेडे झाले आणि कांहींनीं आत्महत्या केली. १९१३ मध्यें ईस्टर्न स्टेटनें ही पद्धत अधिकृतपणें सोडली.

महाराष्ट्रीय श्रोत्यांना येथें अंदमानची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सावरकर बंधूंनीं जेथें वर्षानुवर्षें काढलीं तें, १९०६ सालीं पुरें झालेलें सेल्युलर जेल रचनेनें याच कुळांतलें : मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात ओळी, एकीचें तोंड दुसरीच्या पाठीकडे. आणि मौज अशी कीं, ज्या इंग्रज सरकारनें तें बांधलें त्याच सरकारच्या १८६० च्या दंडसंहितेंत, न्यायालयानें दिलेला एकांतवास एका वेळीं चवदा दिवसांहून अधिक नसावा, असें कलम होतें!

असो. अमेरिकेंत मेलें म्हणून समजलेलें हें भूत पुन्हां उठलें १९८३ च्या ऑक्टोबरांत. इलिनॉय संस्थानांतील मॅरियन तुरुंगांत एकाच दिवशीं दोन पहारेकऱ्यांचे खून झाले, आणि अधिकाऱ्यांनीं आणीबाणी म्हणून सारा तुरुंग कोठड्यांत बंद केला. तें कुलूप तेवीस वर्षें निघालें नाहीं. या बंदीविरुद्ध १९८५ सालीं शिकागो येथें एक समिति निघाली. परंतु इतर संस्थानांनीं मॅरियनचाच कित्ता गिरविला. अशा तुरुंगांना ‘सुपरमॅक्स’ असें नांव पडलें.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाचा, १९८९ सालीं उघडलेला पेलिकन बे हा त्यांतलाच. सुमारें आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब अशी बिनखिडकीची कोठडी. दाराच्या फटींतून जेवण. दिवसाकाठीं फार तर दीड तास उंच भिंतींच्या आवारांत एकट्यानें येरझारा. भेटीस आलेल्या आईचा हातहि हातीं घेतां येत नसे, मध्यें कांच. लॉस एंजलीसहून ती बिचारी सुमारें सातशें मैल आलेली असे. ही शिक्षा न्यायालयानें दिलेली नसे, हें विशेष ध्यानांत घ्यावें. अमुक कैदी अमुक टोळीचा, असा शेरा तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनीं मारला कीं पुरे. सुटकेचा मुख्य मार्ग म्हणजे इतरांची नांवें सांगून खबऱ्या होणें. २०११ सालीं तेथें दहा वर्षांहून अधिक काळ काढलेले पांचशेंवर कैदी होते आणि अठ्ठ्याहत्तर जणांनीं वीस वर्षें ओलांडलीं होतीं.

हे कोणी साधुसंत नव्हते. गंभीर गुन्ह्यांसाठीं शिक्षा झालेले, आणि गोरे, काळे व दोन प्रतिस्पर्धी मेक्सिकन गट असे एकमेकांचे वैरी मानलेले. पण भोंकें पाडलेल्या लोखंडी दारांतून ओरडून, नळांच्या पाइपांतून बोलून, ते वर्षानुवर्षें परस्परांशीं वाद घालीत, वाचलेल्या पुस्तकांची चर्चा करीत. टॉड अ‍ॅश्कर व त्याच्या सोबत्यांनीं यांतून एक ठराव केला, आणि १ जुलै २०११ रोजीं अन्नत्याग सुरू झाला. मुख्य मागणी बेमुदत एकांतवास बंद करण्याची. पण सोबतच्या लहान मागण्या ऐकाव्या : आठवड्यास एक टेलिफोन, वर्षास एक छायाचित्र, थंडींत डोक्यास टोपी, भिंतीस लावावयास दिनदर्शिका. इतक्या क्षुद्र वस्तूंसाठीं माणसें उपाशी राहतात, यावरून तेथें काय काय हिरावून घेतलेलें होतें याची कल्पना करावी.

सहा हजारांवर कैदी या उपोषणांत सामील झाले. पुढल्या वर्षीं ऑगस्टांत याच पुढाऱ्यांनीं आपसांतील वैर थांबविण्याचें आवाहन साऱ्या तुरुंगांना केलें. माझ्या मतें या लढ्यांतील सर्वांत मोठी गोष्ट ती हीच. कारण हें वैर म्हणजेच एकांतकोठडीचें समर्थन होतें. जुलै २०१३ मध्यें तीस हजार कैद्यांनीं जेवण नाकारलें, आणि कांहींचा उपवास साठ दिवसांपर्यंत चालला. बाहेर त्यांच्या आया-बहिणी संघटना करून विधिमंडळापुढें साक्षी देत होत्या. तिकडे इलिनॉयांत टॅम्स येथील सुपरमॅक्सच्या कैद्यांना पत्रांनीं कविता पाठविण्यापासून आरंभ झालेली चळवळ अखेर तो तुरुंग २०१३ च्या जानेवारींत बंद पाडूनच थांबली.

अ‍ॅश्कर प्रभृतींचा दावा १ सप्टेंबर २०१५ रोजीं तडजोडीनें मिटला. केवळ टोळींत असल्याच्या शेऱ्यावरून कोणास एकांतांत टाकणें कॅलिफोर्नियानें सोडलें आणि हजाराहून अधिक कैदी त्या कोठड्यांतून बाहेर आले. त्याच डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांनीं मंडेला यांच्या नांवाचे नियम संमत केले. सलग पंधरा दिवसांहून अधिक एकांतवास त्यांनीं निषिद्ध ठरविला. न्यूयॉर्कनें हीच मर्यादा २०२१ सालीं कायद्यांत घातली. परंतु २०२५ च्या फेब्रुवारींत तेथील तुरुंगरक्षकांनीं बेकायदा संप पुकारला, आणि त्यांच्या मागण्यांत हा कायदा रद्द करण्याची मागणी होती. कोलोराडोंतील फ्लॉरेन्सचा, १९९४ चा सुपरमॅक्स तर अद्यापि चालूच आहे.